वरच्या पिशवीतली आमसुलं

आंजर्ले
चि. मधुरास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मागच्या मंगळवारी फोनवर म्हणालीस, "आई, हे वर्ष गेलं कुठे तेच कळलं नाही." मी हो ला हो केलं, कारण हात रातांब्यांत होते. पण ते बोलणं डोक्यातून जाईना.

खळ्यात रोज तेच काम. सालं रसात बुडवायची, पुन्हा उन्हात पसरायची. कितवं पुट झालं ते विचारलंस तर सालाचा काळेपणा बघून सांगेन, आठवून नाही सांगता येणार. सगळे दिवस एकमेकांना चिकटून त्यांचा एकच दिवस होतो. तुझ्या पुण्यातल्या वर्षाचंही तेच झालं असणार. तीच बस, तोच लॅपटॉप, रविवारी धुणं.

बाबा म्हणतात, हे वयाचं गणित. पाच वर्षांच्या पोराला एक वर्ष म्हणजे आयुष्याचा पाचवा हिस्सा, आपल्याला साठावा, म्हणून वर्षं पळतात. पॉल झाने या फ्रेंच तत्त्वज्ञाने १८७७ साली असंच मांडलं होतं. त्रैराशिकात बसलं की बाबांना सगळं पटतं. भरतीही ते तिथीच्या पाऊणपटीने सांगतात, चतुर्थी म्हणजे तीन वाजता. समुद्राचं त्यावर भागत असेल, माझं नाही भागत. नाहीतर २०२० चा ३ जून एवढा लांबलचक का वाटावा?

निसर्ग वादळात आम्ही दोघं माजघरात होतो. मागच्या दाराचा अडसर वाकायला लागला म्हणून बाबा दाराला पाठ लावून उभे. डोक्यावरची कौलं एकेक करून सुटत होती. आधी खडखड, मग जरा वेळ काहीच नाही, मग खळ्यात फुटल्याचा आवाज. आगरात पोफळी मोडत होत्या. पोफळ मोडताना ऊस मोडल्यासारखी वाजते, हे तेव्हा कळलं. मी रामरक्षा म्हणत होते. वाटलं, तिन्हीसांजा झाल्या असतील. घड्याळ बघितलं तर अर्धा तासही झाला नव्हता. जेमतेम तीन रामरक्षा.

डेव्हिड ईगलमन या मेंदूच्या अभ्यासकाचा एक प्रयोग आहे, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला. त्याने माणसांना ३१ मीटर उंचावरून पाठमोरं खाली जाळ्यात सोडलं. (कोण तयार होतं कुणास ठाऊक!) मनगटावर आकडे दाखवणारं यंत्र. आकडे इतक्या भराभर बदलणारे की एरवी वाचता येऊ नयेत. भीतीने वेळ खरोखर संथ झाली असती तर पडता पडता ते वाचता आले असते. नाही आले. पण दुसऱ्याच्या पडण्यापेक्षा आपलं पडणं लोकांना सरासरी ३६ टक्के लांब वाटलं. म्हणजे जीव मुठीत असताना मन बारीकसारीक सगळं साठवून ठेवतं, आणि मागाहून बघावं तर ढीग मोठा दिसतो, असा त्याचा अर्थ लावतात. मला तो पटतो. कौल फुटण्याआधीची ती शांतता अजून कानात आहे.

याच्या उलट मिशेल सिफ्रची गोष्ट. हा फ्रेंच भूशास्त्रज्ञ १९६२ साली घड्याळ न घेता आल्प्समधल्या एका गुहेत दोन महिने राहिला. अंधार, थंडी, तेच ते. १४ सप्टेंबरला मुदत संपल्याचं वरून कळवलं, तेव्हा त्याच्या हिशोबाने २० ऑगस्ट होता. सेकंदाला एक असं १२० पर्यंत मोजायला सांगितलं, तर त्याला पाच मिनिटं लागली! तुमची ती काचबंद ऑफिसं मला त्या गुहेसारखीच वाटतात, दिवसरात्र सारखाच उजेड. हे बोललं की तू चिडतेस, म्हणून लिहून टाकलं.

मीही काही वेगळी नाही. तू पुण्याला गेलीस ते पहिलं वर्ष आठवू म्हटलं तर हाताला काही लागत नाही. तेव्हा एकेक संध्याकाळ सरता सरत नव्हती, एवढं मात्र आठवतं. त्या सरत नसलेल्या संध्याकाळींचं मिळून एवढंसं वर्ष कसं झालं, ते बाबांच्या त्रैराशिकालाही सुटलेलं नाही.

एसटीच्या पार्सलने आमसुलं पाठवते आहे. वरची पिशवी आमटीला घेशील तेव्हा मीठ बेताने टाक, तिच्यात दोनदा पडलंय. बाकीच्या पिशव्या कुठल्या दिवशीच्या ते सांगता येणार नाही. ही मंगळवारची. तुझ्याशी बोलत होते.

आई