हातच्याची गोष्ट

चि. अर्णव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर संगणकातल्या बेरीज करणाऱ्या सर्किटबद्दल बोलताना तू म्हणालास, "आई, ॲडर सर्किट म्हणजे नुसतं पाठांतर. हातचा इकडून तिकडे न्यायचा, बस." तेव्हा मी काही बोलले नाही, पण ते मनातून जाईना. दुसरीत असताना दशकाच्या डोक्यावर इवलासा १ लिहायला तू विसरायचास, आणि उत्तर बरोब्बर दहाने चुकलं की पेन्सिल फेकून द्यायचास. तुला रडवणाऱ्या त्या हातच्याने यंत्रं बनवणाऱ्यांनाही तीनशे वर्षं घाम फोडलाय.

ब्लेझ पास्कालचे वडील फ्रान्समध्ये करवसुलीचे अधिकारी होते. त्यांच्या बेरजा काही केल्या संपत नसत. ते बघून १६४२ मध्ये या मुलाने यंत्र करायला घेतलं. वय तुझ्याएवढंच, जेमतेम एकोणीस. चाकाला दहा घरं पाडणं सोपं होतं. खरी मेख होती ती चाक ९ वरून ० वर येताना शेजारच्या चाकाला एक घर पुढे ढकलण्यात. समज, ९९९९९ मध्ये १ मिळवायचाय. पाच चाकांचा हातचा एकापाठोपाठ पुढे जाणार, आणि तो सगळा भार एका बोटावर! पास्कालने प्रत्येक चाकापाशी एक छोटं वजन बसवलं. चाक पुढे सरकतं तसं ते हळूहळू उचललं जातं, आणि ९ चं ० होताक्षणी खाली पडून पुढच्या चाकाला ढकलतं. म्हणजे हातच्याला लागणारा जोर आधीच थोडाथोडा साठवलेला असतो. मला तर अख्ख्या यंत्रापेक्षा ही कल्पना मोठी वाटते.

पण त्यामुळे चाकं उलटी फिरेनात. मग वजाबाकी कशी करायची? ८३ मधून २७ घालवायचेत ना, तर २७ चा प्रत्येक अंक ९ मधून वजा कर: ७२. आता ८३ आणि ७२ ची बेरीज १५५. डावीकडचा १ उचल आणि एककात मिळव. ५६! संगणकातल्या वजाबाकीसाठी टूज कॉम्प्लिमेंट म्हणून तू जे घोकतोयस ते याचंच भावंड, दोनाच्या पायावरचं.

जर्मन गणिती लाइबनिट्सने पुढे गुणाकाराचं यंत्र केलं, १६७३ मध्ये लंडनला नेऊन दाखवलंही. पण त्यातही हातचा पूर्णपणे आपोआप पुढे जात नसे. इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेजला तर त्याच्या ॲनालिटिकल इंजिन या गणनयंत्रात चाळीस-पन्नास अंकी संख्या हव्या होत्या. हातचा एकेका चाकावरून रांगेने जाणार असेल तर बेरजेपेक्षा हातच्यालाच जास्त वेळ लागायचा. म्हणून कोणती चाकं ९ वर उभी आहेत ते आधीच हेरून सगळे हातचे एकदम देणारी रचना त्याने आखली. यंत्राला पुढचं बघायला शिकवलं, असं तो म्हणायचा. ते इंजिन त्याच्या हयातीत पूर्ण झालंच नाही, याची मला फार हळहळ वाटते. तुमच्या अभ्यासक्रमात कॅरी लुकअहेड, म्हणजे हातचे आधीच ओळखायची युक्ती, येईल, तेव्हा त्याची आठवण काढ.

एनिॲक वगैरे सुरुवातीचे इलेक्ट्रॉनिक संगणक तुला माहीतच आहेत, ते सोडते. मला सांगायचंय ते जॉर्ज स्टिबिट्झबद्दल. १९३७ च्या नोव्हेंबरात या अमेरिकन गणितज्ञाने टेलिफोनचे दोन रिले, म्हणजे विजेने उघडमीट होणारे स्विच, घरी आणले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर जोडणी केली. बॅटरीचे छोटे बल्ब लावले, स्विचला तंबाखूच्या डब्याच्या पत्र्याच्या पट्ट्या वापरल्या. एक पट्टी दाबली की पहिला बल्ब लागायचा. दोन्ही दाबल्या की पहिला विझायचा आणि दुसरा पेटायचा. तो दुसरा बल्ब म्हणजे हातचा, बाळा! ना चाक, ना वजन, नुसता उजेड. त्याच्या बायकोने त्याला 'मॉडेल के' नाव दिलं, के म्हणजे किचन.

सुट्टीला येताना दोन रिले आणि दोन छोटे बल्ब घेऊन ये. पत्र्याच्या पट्ट्या मी कापून ठेवते, कडा घासून. दुसरा बल्ब लागताना मला तुझ्या शेजारी बसून बघायचाय.

तुझी,
आई