आधी सीट बघ

प्रिय मंदार,

रोजच्या गाडीत बसवायला घेतलेल्या हार्नेसचा, म्हणजे शर्यतीच्या सीटबेल्टचा, फोटो मिळाला. मांडीवर पसरलेले लाल पट्टे, मधोमध गोल बकल आणि तुझे सगळे दात. चार वर्षांपूर्वीचा मीच आठवलो, म्हणून फोनवर न उरकता लिहायला बसलो. बोल्ट अजून आवळले नसशील तर उत्तम.

तू जे करायच्या बेतात आहेस तेच मी केलं होतं. गाडीची मूळ सीट ठेवली, चार टोकांचा हार्नेस घेतला आणि खांद्याचे पट्टे सीटच्या पाठीवरून उतरवून मागे गाडीच्या जमिनीत बोल्टने बसवले. ट्रॅकवर तिसऱ्याच फेरीला वळणाआधी जोरात ब्रेक दाबला आणि कंबरेचा पट्टा थेट बेंबीपाशी. नंतर उमगलं, दोष माझ्या आवळण्याचा नव्हताच. खांद्याचे पट्टे जितके घट्ट करशील तितके ते बकलला वर ओढतात आणि बकलबरोबर कंबरेचा पट्टाही चढतो. तो बसायला हवा कमरेच्या हाडांवर. पोटावर आला की धडकेत माणूस खालून सटकतो आणि सगळा भार आतड्यांवर, यकृतावर येतो. सबमरीनिंग म्हणतात ते हेच. ते रोखतो मांड्यांमधून येणारा पाचवा-सहावा पट्टा. पण त्याला बैठकीत भोक लागतं आणि मूळ सीटला ते नसतं. ब्लेड घेऊन फोम कापायला बसू नकोस (ओळखतो मी तुला), खाली फ्रेम असते, बऱ्याच गाड्यांत सेन्सरही. हार्नेस बनवणाऱ्या श्रोथ कंपनीने यावर एक तोड काढली आहे : एका खांद्याच्या पट्ट्यात ठरावीक ताणाला उसवणारी शिवण, म्हणजे धड किंचित वळतं आणि कंबर जागेवर राहते. तुझ्या पट्ट्यात तसलं काही दिसलं नाही.

जमिनीतल्या बोल्टचं तर बोलूच नकोस. खांद्यापासून मागे जाताना पट्टा जवळजवळ आडवा हवा, फार तर 20 अंश खाली. मोटर शर्यतींचे नियम ठरवणारी एफआयएसुद्धा 45 च्या पुढे जाऊ देत नाही. सरळ जमिनीत नेला तर धडकेत तो खांदे खाली दाबतो आणि मार मणक्याला बसतो. मूळ सीटची कलणारी पाठ हा खालचा ओढा सोसायला बनलेलीच नाही. शिवाय तिला पट्टे ओवायला भोकं नाहीत, त्यामुळे ते खांद्यावरून घसरतात. हेडरेस्टच्या दांड्यांतून ओवणारेही पाहिलेत मी. देव त्यांचं भलं करो.

मग पट्टे आडवे बांधायला सीटमागे रोल बार (गाडी उलटली तर छत पेलणारा पाइप) घालतो म्हणशील. रोजच्या गाडीत, डोक्यावर हेल्मेट नसताना, कवटीशेजारी लोखंडी पाइप? आणि बार नसेल तर उलटीच पंचाईत : गाडी उलटून छत दबलं तर साध्या बेल्टमध्ये अंग बाजूला झुकू शकतं, हार्नेसमध्ये ताठ बसून राहतं. मानेचं तर आणखीच. धड बांधलेलं, डोकं मोकळं. 2001 मध्ये अमेरिकेतल्या डेटोना ट्रॅकवर शर्यतपटू डेल अर्नहार्ट कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरने गेला, त्याच वर्षी तिथल्या शर्यती भरवणाऱ्या नॅसकारने डोकं-मान धरणारं साधन सक्तीचं केलं.

आपण ज्या साध्या बेल्टला हसतो तो नील्स बोलिनने 1959 मध्ये व्होल्वोसाठी बनवला. आजच्या बऱ्याच गाड्यांत तो धडकेच्या क्षणी स्वतः आवळतो, मग छातीवर भार वाढला की थोडा सैल सोडतो, आणि एअरबॅगचं गणित त्याच्याशी जुळवलेलं असतं. हार्नेस यातलं काही करत नाही.

फक्त ट्रॅकची गाडी करायची असेल तर बकेट सीट (पट्ट्यांसाठी भोकं असलेली शर्यतीची सीट), सहा टोकांचा पट्टा, खांद्याच्या उंचीला बार आणि हॅन्स (ते डोकं-मान धरणारं साधन), सगळं एकदमच घे. जमिनीला भोक पाडशील तिथे खालून किमान 40 चौरस सेंटिमीटरची, 3 मिलिमीटर जाड पोलादी पट्टी हवी, नुसता वॉशर नाही. पट्ट्याची लांबी ठरवणाऱ्या अॅडजस्टरमधून पट्टा उलटा परत ओवायला विसरू नकोस, नाहीतर तो सुटतो.

तोवर एक युक्ती. सीट दोन खाचा मागे घे, मूळ बेल्ट लाव, झटका देऊन लॉक कर आणि तसाच धरून सीट पुढे सरकव. कंबर इतकी पक्की बसते की स्टिअरिंगला लोंबकळावं लागत नाही. मी हल्ली एवढंच करतो.

माझा हार्नेस माळ्यावर पडलाय. लेबलवरची मुदत संपलीय, तेव्हा मागू नकोस.

तुझा,
निख्या