गाठ सलाईनमध्ये पाठवू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

स्तनाच्या कर्करोगावरच्या फ्युजन प्रथिनांच्या बातम्या हल्ली वाचायला मिळतात. त्यांतली आशा खरी आहे. पण ही औषधे पेशीवरच्या ज्या खुणेवर चालतात, ती खूण आपल्याकडे कित्येकदा गाठ प्रयोगशाळेत पोचण्याआधीच खराब होते. म्हणून हे पत्र.

फ्युजन प्रथिन म्हणजे दोन प्रथिनांची जनुके जोडून तयार केलेला एकच रेणू. एक टोक कर्करोगाच्या पेशीवरचा हर-टू रिसेप्टर (हीच ती खूण, पेशीच्या पृष्ठभागावरचे एक प्रथिन) ओळखते, दुसऱ्या टोकाला स्यूडोमोनास जिवाणूच्या विषाचा तुकडा असतो. विष आत गेले की पेशीतली प्रथिननिर्मिती थांबते. अडचण अशी की शरीर या परक्या विषाविरुद्ध अँटिबॉडी तयार करते आणि पुढचे डोस वाया जातात. १९९९ साली अमेरिकेत डेनिल्युकिन डिफ्टिटॉक्स या विषजोड प्रथिनाला मान्यता मिळाली, तीही त्वचेच्या लिम्फोमासाठी (लसीका पेशींच्या कर्करोगासाठी). स्तनाच्या कर्करोगात हर-टूवर नेम धरणारे आज हाताशी असलेले मुख्य औषध म्हणजे ट्रास्टुझुमॅब ही अँटिबॉडी, आणि तेही गाठ हर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे ही खूण भरपूर असलेली, असेल तरच.

खूण टिकते ती फॉर्मॅलिन या ऊती टिकवणाऱ्या द्रावणामुळे. किनवट, भूम, अंबड अशा ठिकाणी काढलेली गाठ सलाईनमध्ये किंवा ओल्या गॉजमध्ये निघाली, तर वाटेतच सडू लागते. उन्हाळ्यात तर फारच लवकर. मग खूण असूनही तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. ईआर-पीआरचेही (इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या हार्मोनच्या रिसेप्टरांचेही) तेच होते, आणि टॅमॉक्सिफेनसारखी हार्मोन रोखणारी स्वस्त गोळीसुद्धा त्या बाईला मिळत नाही. याचे फार वाईट वाटते, कारण हे टाळणे अगदी सोपे आहे.

बाजारातले फॉर्मॅलिन तसेच ओतू नये. १०० मिली फॉर्मॅलिन, ९०० मिली पाणी, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट (मोनोहायड्रेट) ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम, असे बफर केलेले (आम्लता स्थिर ठेवणारे) द्रावण करावे. ते गाठीच्या किमान दहापट हवे. बरणी रुंद तोंडाची घ्यावी. अरुंद बाटलीत मऊ असताना कोंबलेली गाठ घट्ट झाली की बाहेर निघत नाही. गाठ काढल्यापासून तासाभरात द्रावणात गेली पाहिजे. अख्खा स्तन असेल तर सर्जनने कडा दोऱ्याने खुणावून गाठीतून एक छेद द्यावा. फॉर्मॅलिन तासाला जेमतेम एक मिलिमीटर आत शिरते, त्यामुळे वरून टणक दिसणारा तुकडा मध्यभागी कुजलेला निघतो. सुईने काढलेल्या बारीक तुकड्यालाही फॉर्मॅलिनमध्ये किमान सहा तास लागतातच. वरची मर्यादा ७२ तासांची, म्हणून शनिवारी केलेली शस्त्रक्रिया आणि रविवारी बंद असलेले कुरिअर हा मेळ बसत नाही.

गाठीसोबत पाठवायच्या तपासणीच्या फॉर्मवर गाठ काढल्याची आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ लिहावी. ही जागा बहुधा कोरीच असते.

नातेवाइकांनी रिपोर्टमध्ये हर-टूचा आकडा पाहावा. ० किंवा १+ म्हणजे निगेटिव्ह, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ असेल तर फिश तपासणी (हर-टूच्या जनुकाच्या प्रती मोजणारी) झाल्याशिवाय निर्णय होत नाही, आणि त्यासाठी मेणाचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, लागतो. तो प्रयोगशाळेतून मागता येतो. घरी आणलात तर उन्हापासून दूर ठेवा.

— एक पॅथॉलॉजिस्ट, लातूर