सोनोग्राफी नॉर्मल, पण लघवीत रक्त

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

उसाचा हंगाम संपून टोळ्या गावी परतल्या आणि ऊन तापलं, की आमच्या बीड जिल्ह्यातल्या दवाखान्यांत कंबरेतून जांघेत उतरणाऱ्या कळांचे पेशंट वाढतात. फडात दिवसभर घाम गाळायचा आणि तांब्याभर पाण्यावर भागवायचं, मग मुतखडा धरणारच. आता बहुतेकांच्या पिशवीत सोनोग्राफीचा रिपोर्ट असतो. तपासणी तालुक्यापर्यंत आली याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्या कागदावरचा 'नॉर्मल' हा शब्द लोक कोर्टाच्या निकालासारखा मानतात, याची काळजी वाटते म्हणून हे पत्र.

सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नसतो. म्हणून गरोदर बाई असो की लहान लेकरू, सुरुवात तिथूनच व्हावी. किडनीला आलेली सूज ती छान दाखवते. मात्र किडनीकडून मूत्राशयाकडे येणारी नळी मधल्या भागात आतड्यातल्या गॅसमागे दडते आणि तिथे अडकलेला खडा सुटून जाऊ शकतो. साध्या एक्स-रेत कॅल्शियमचे खडे दिसतात, युरिक अ‍ॅसिडचे दिसत नाहीत. औषध न टोचता केलेल्या सीटी स्कॅनमध्ये जवळपास सगळेच खडे सापडतात. खडा नेमका कुठे, केवढा आणि किती कठीण, हेही कळतं. तरी दर कळेला सीटी करू नये. एक्स-रेपेक्षा त्यात किरणांचा डोस बराच जास्त असतो, आणि ज्याला तिशीतच वारंवार खडे होतात त्याच्या अंगावर तो साठत जातो. अशांनी कमी डोसच्या सीटीबद्दल जरूर विचारावं.

रिपोर्टात ४ मिलिमीटरचा खडा दिसला म्हणून घाबरून ऑपरेशनला धावू नये, एवढे खडे बहुधा आपोआप पडतात. उलट कळेसोबत थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठावं. कळ थांबली म्हणजे खडा पडलाच असंही नाही. नळी अडलेली राहून किडनी गुपचूप खराब होते, म्हणून पुन्हा तपासणी हवीच.

पण मला सर्वांत जास्त सांगायचं आहे ते रक्ताबद्दल. साठीच्या आसपासचा, वर्षानुवर्षं बिडी ओढणारा माणूस सांगतो, लघवी लाल झाली होती, दुखलं काहीच नाही, दोन दिवसांत आपोआप थांबली, सोनोग्राफी नॉर्मल आहे. घरचेही निर्धास्त होतात. वेदना नसताना येणारं हे रक्त मूत्राशयाच्या कॅन्सरची पहिली खूण असू शकतं, आणि ते मध्येच थांबतं म्हणूनच फसवतं. मूत्राशय रिकामं असताना केलेल्या सोनोग्राफीत त्याची आतली भिंत नीट दिसत नाही. लहान किंवा अस्तरातच पसरलेली चपटी गाठ तर सीटीतही निसटते. तिथे लघवीच्या वाटेने दुर्बीण घालूनच पाहावं लागतं. दुर्बिणीचं नाव काढलं की माणसं कचरतात, ते मी समजू शकतो. पण ही तपासणी साधारणपणे जागा बधिर करून काही मिनिटांत होते, आणि वेळेत सापडलेली गाठ अनेकदा त्याच वाटेने काढताही येते.

प्रोस्टेटचंही, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचंही, तसंच. रिपोर्टात तिचा आकार '४० ग्रॅम' वाचून माणसं रात्रभर झोपत नाहीत. आकार आणि त्रास यांचा मेळ बसतोच असं नाही, आणि सोनोग्राफीवरून कॅन्सर आहे की नाही ते ठरत नाही. शंका असेल तर पीएसए ही रक्ताची तपासणी, एमआरआय आणि शेवटी तुकडा तपासणं, हाच रस्ता.

माझ्या डॉक्टर बंधूभगिनींना एक विनंती आहे. चिठ्ठीवर नुसतं 'पोटाची सोनोग्राफी' लिहून पाठवू नका. 'लघवीतून रक्त, वेदना नाही' एवढं लिहिलंत तर मशीनवर बसलेला डॉक्टर काय शोधायचं ते जाणेल. रेडिओलॉजिस्टनी मूत्राशय भरलेलं होतं की रिकामं, ते रिपोर्टात नोंदवावं.

मराठवाड्यात युरॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रविकारांचे तज्ज्ञ, मुख्यतः संभाजीनगर, लातूर, नांदेड अशा शहरांतच मिळतात. नवं स्कॅन मशीन आलं की आपण बातमी छापता, ती छापायलाच हवी. त्यासोबत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात ठरलेल्या वारी दुर्बिणीने मूत्राशय तपासण्याची सोय आहे का, हा प्रश्नही आपल्या दैनिकाने आरोग्य विभागाला विचारावा. मजुरी बुडवून, एसटीचं भाडं खर्चून दुसऱ्या जिल्ह्यात जाण्यापेक्षा लोक 'नॉर्मल' रिपोर्टवर विश्वास ठेवून घरी बसतात, हे मी रोज पाहतो.

आपला,
एक वाचक डॉक्टर, केज तालुका (जि. बीड)