निलंबनाने कपाट बदलत नाही

महोदय,

रुग्णाला चुकीचे इंजेक्शन गेले की परिचारिकेचे निलंबन होते आणि प्रकरण मिटते. ज्या कपाटातून ते निघाले, ते जसेच्या तसे राहते.

पोटॅशियम क्लोराइड घ्या; रक्तातले पोटॅशियम कमी झाले की सलाईनमध्ये मिसळून द्यायचे हे औषध. १५ टक्क्यांच्या १० मि.लि. अँप्युलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट (क्षार मोजण्याचे एकक) पोटॅशियम असते. शेजारच्या खणात डिस्टिल्ड वॉटरची तेवढीच, तशीच पारदर्शक अँप्युल. पहिली न मिसळता थेट शिरेत दिली, तर हृदय बंद पडू शकते. त्यामुळे साध्या वॉर्डाच्या साठ्यात ती असूच नये. अतिदक्षता विभागात ठेवावी लागली तर वेगळ्या, कुलपाच्या खणात. मिसळतानाही गफलत होते. टांगलेल्या सलाईनमध्ये सुई टोचून औषध सोडले की ते जड असल्याने तळाशी, नळीच्या तोंडाजवळच साचते आणि पहिल्या काही मिनिटांत दाट द्रावण शरीरात जाते. पिशवी खाली उतरवून दहा वेळा उलटसुलट करायला अर्धा मिनिट पुरतो.

इन्सुलिनचेही तेच. मिलिलिटरला ४० युनिटची आणि १०० युनिटची व्हायल एकाच फ्रिजमध्ये असते. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, केशरी १०० साठी. १०० चे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरले, तर रुग्णाला २५ युनिट जातात. रात्रीच्या डोसनंतर साखर उतरली, तर तो शांत झोपलाय असेच सगळ्यांना वाटते. वॉर्डात एकाच तीव्रतेचे इन्सुलिन ठेवले की हा घोळ मुळातच होत नाही.

‘दोघींनी तपासावे’ असा नियम बहुतेक ठिकाणी आहे. प्रत्यक्षात दुसरी सिस्टर ट्रॉलीवरून जाता जाता सही करते. पहिलीचे उत्तर न ऐकता दुसरीने मूळ आदेशावरून डोस स्वतः काढला, तरच ती तपासणी.

आणि खाट क्रमांक ही रुग्णाची ओळख नव्हे. खाटा दुपारी बदलतात. ‘तुम्हीच जोशी ना?’ असे विचारले तर गुंगीतला माणूस मान डोलावतोच. ‘पूर्ण नाव सांगा’ म्हणावे आणि नोंदणी क्रमांक मनगटपट्टीशी ताडावा. बोलू न शकणाऱ्याच्या बाबतीत नाव आणि क्रमांक, दोन्ही पट्टीवरूनच.

टळलेल्या चुकांसाठी प्रत्येक वॉर्डात एक वही असावी, आणि तिच्यात सहीचा रकाना नसावा. सही मागितली की ती वही कोरीच राहते.

— एक इन्चार्ज सिस्टर