कामा रुग्णालयाच्या हाकेला धावलेल्या पोलिसांस

आदरणीय श्री. अरुण जाधव आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मदतीस धावलेले मुंबई पोलीस दलातील सर्व अधिकारी व अंमलदार यांस,

सा. न. वि. वि.

सीएसएमटीला उतरून धोबी तलावाकडे कामाला जाताना माझी वाट कामा रुग्णालयामागच्या रंगभवन गल्लीतून जाते. या गल्लीत आपणा सर्वांवर काय गुदरले ते मुंबईला ठाऊक आहे. परंतु आपण तिथे कशासाठी आला होता, हे मात्र फारसे बोलले जात नाही, आणि माझे आभार मुख्यतः त्यासाठीच आहेत. आपण आपल्या एका जखमी सहकाऱ्याच्या मदतीसाठी आला होता.

सीएसटी (आताच्या सीएसएमटी) स्थानकात गोळीबार करून दोन दहशतवादी कामा रुग्णालयात शिरले, तेव्हा तिथे बाळंतिणी होत्या, प्रसूतीच्या वाटेवर असलेल्या स्त्रिया होत्या. दोन पहारेकरी मारले गेले. मध्य विभागाचे तत्कालीन अपर पोलीस आयुक्त सदानंद दाते मोजक्या सहकाऱ्यांसह सहाव्या मजल्यावर पोहोचले. वर गच्चीत कोणी आहे का, याचा अदमास घेण्यासाठी त्यांनी एक लोखंडी वस्तू दाराच्या दिशेने फेकली आणि क्षणात वरून गोळ्या आल्या. पुढे हातबाँबच्या स्फोटात ते स्वतः आणि त्यांचे बहुतेक साथीदार जखमी झाले. उपनिरीक्षक प्रकाश मोरे आणि शिपाई विजय खांडेकर यांनी तिथेच प्राण सोडले. जखमी सहकाऱ्यांना खाली पाठवून श्री. दाते मागे थांबले, दहशतवाद्यांना अडवून धरत राहिले आणि कुमक मागत राहिले.

ही मागणी ऐकून रुग्णालयाच्या मागच्या बाजूस जे जमले, त्यांतील हेमंत करकरे दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख होते, अशोक कामटे पूर्व विभागाचे अपर आयुक्त होते आणि विजय साळसकर खंडणीविरोधी पथकाचे वरिष्ठ निरीक्षक होते. कामटे साहेबांचा तर हा विभागही नव्हता. आपल्या विभागात बसून बंदोबस्त पाहिला असता, तरी कोणी त्यांना बोल लावला नसता. वर आपला माणूस जखमी अवस्थेत एकाकी झुंजतो आहे, एवढे कळल्यावर पुढच्या दाराने त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी हे तिघेही क्वालिस गाडीत बसले. गाडी स्वतः साळसकर चालवत होते, आणि मागे, जाधव साहेब, आपण व आपले तीन सहकारी होतात. बाळासाहेब भोसले, जयवंत पाटील आणि योगेश पाटील ही त्यांची नावे. दरवर्षी श्रद्धांजलीच्या फलकांवर अधिकाऱ्यांची छायाचित्रे मोठी असतात आणि ही नावे कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. वरिष्ठ गाडीत बसताच कोणताही प्रश्न न विचारता मागे चढणाऱ्या या माणसांचे आभार वेगळे मानले पाहिजेत.

जाधव साहेब, त्या गल्लीत झाडाआडून झालेल्या गोळीबारात सातांपैकी एकटे आपण वाचलात. कामटे साहेबांची गोळी त्या दोन दहशतवाद्यांपैकी कसाबच्या हाताला लागली होती, तरीही दोघांनी गाडी ताब्यात घेतली आणि जखमी अवस्थेत, सहकाऱ्यांच्या देहांखाली, आपण त्याच गाडीत मागे पडून राहिलात. आपण सांगितले आहे की, वाटेत एका सहकाऱ्याचा मोबाइल वाजला आणि पुढच्या आसनावरून लगेच मागे गोळ्या झाडण्यात आल्या. ते वाचताना माझा श्वास अडकतो. टायर फुटल्यामुळे त्यांनी गाडी सोडून दुसरी पळवली, तेव्हा आपण जखमी हाताने वायरलेस गाठला आणि अधिकारी कुठे पडले आहेत, दहशतवादी कसे निसटले, हे नियंत्रण कक्षाला कळवले. मदतीला निघालेल्या माणसाने स्वतःची शुद्ध टिकवून इतरांसाठी दिलेला तो संदेश मी कधीही विसरणार नाही.

गिरगाव चौपाटीवर डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याची नाकाबंदी होती. तिथे सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हातात केवळ लाठी असताना कसाबच्या रायफलची नळी धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या, म्हणून सहकाऱ्यांना त्याला जिवंत पकडता आले. साताऱ्याच्या केडंबे गावच्या या माजी सैनिकाला पुढे मरणोत्तर अशोकचक्र मिळाले, तसेच ते करकरे, कामटे आणि साळसकर यांनाही मिळाले. कसाब जिवंत हाती लागला नसता, तर कटाची पाळेमुळे न्यायालयासमोर इतक्या स्पष्टपणे येऊ शकली नसती. तिथे आपणही साक्षीला उभे राहिलात. जे एकदा भोगले ते वकिलांच्या प्रश्नांना उत्तरे देत पुन्हा सांगणे किती जड गेले असेल, याची कल्पना करणेही मला अवघड जाते.

एक गोष्ट नमूद केल्याशिवाय हे पत्र पूर्ण होणार नाही. त्या रात्री अनेक पोलिसांच्या हाती जुन्या थ्री नॉट थ्री रायफली होत्या आणि समोर एके-४७ होत्या. जे आपल्या हाकेला धावतात, त्यांच्या हाती पुरेशी शस्त्रे आणि अंगावर भरवशाचे चिलखत असावे, ही मागणी आम्हा नागरिकांनीही शासनाकडे सतत करत राहिली पाहिजे, आणि मी ती करत राहीन.

आपण सर्व जण निघालात, याबद्दल मी आपली, आणि जे परतले नाहीत त्यांच्या कुटुंबीयांची, अत्यंत ऋणी आहे.

आपली कृतज्ञ,
एक मुंबईकर