धमकी वेगळी, गोष्ट वेगळी

लहान मुलांना भीतिकथा सांगूच नयेत, असे सुचवणारा लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. सरसकट बंदी पटत नाही. भीतीला टाळत राहिले की ती वाढते, हे मानसोपचारात सर्वमान्य आहे. ‘जेव, नाहीतर बागुलबुवा नेईल’ ही निव्वळ धमकी. तिच्यातून मुलाला सुटका नसते. गोष्टीत ती असते. म्हणूनच राक्षसाच्या गुहेशी गोष्ट अर्धवट सोडून दिवा मालवू नये. नायक त्याच बैठकीत घरी पोचावा. पडद्यापेक्षा तोंडी सांगणे बरे: मुलाने कानांवर हात ठेवताच आवाज उतरवता येतो, ‘तू काय केलं असतंस?’ असे विचारून थांबता येते. चार-पाच वर्षांच्या मुलांची खऱ्या-खोट्याची खात्री अंधारात डळमळते. त्यांच्यासाठी वेळ दिवसाउजेडीची. सलग दोन-तीन रात्री झोपमोड झाली, तर ती गोष्ट काही महिने बाजूला ठेवावी.